चार्जिंगचा फवारणी पंप प्रेशर धरत नाही? मोटार बदलण्याआधी एवढं तपासा

पेरणी आटोपून पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या ओट्यावर फवारणी पंप येऊ लागतात. कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणतो, कुणी पाठीवरच. बोलणं ठरलेलं असतं : “भाऊ, मोटार गेली वाटते. पाणीच नाही फेकून रायला.” आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, लहान. दुरुस्तीचं दुकान तालुक्याला, आणि हंगामात तिथं पंप टाकला की चार दिवस मिळत नाही. मला मीटर आणि सोल्डरिंगचा नाद शाळेपासून, म्हणून लोक आधी माझ्याकडे येतात. आठ-नऊ हंगामांत किती पंप उघडले त्याची मोजदाद नाही, पण मोटार खरोखर जळालेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीचे कचऱ्यानं, हवेनं, गंजलेल्या जोडानं, नाहीतर उन्हाळाभर माळ्यावर पडून राहिलेल्या बॅटरीनं अडलेले. तरी निम्मे लोक मोटारीचे पैसे खिशात घालूनच येतात. ते पैसे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

मी सांगतोय ते पाठीवरच्या १६ ते २० लिटरच्या पंपाबद्दल, ज्यात ‘बारा बाय आठ’ किंवा ‘बारा बाय बारा’ची शिशाची बॅटरी असते. म्हणजे १२ व्होल्ट आणि ८ किंवा १२ अँपिअर-अवर. पेट्रोलच्या पंपाचं दुखणं वेगळं असतं.

लक्षणं

पंप उघडण्याआधी साध्या पाण्यावर चालवा आणि कान देऊन ऐका. अर्धं निदान आवाजातच होतं.

मोटार जोरात, मोकळी फिरते पण पाणी येत नाही किंवा थुंकल्यासारखं येतं : आत कुठंतरी हवा शिरते आहे.

मोटार टक-टक करत थांबते, पुन्हा चालते आणि फवारा बारीक पडतो : मोटार चांगली आहे, पुढं नोझलमध्ये (फवाऱ्याच्या तोंडात) किंवा गनमध्ये (हातात धरायच्या दांड्यात) अडथळा आहे.

टाकी भरल्यावर छान चालतो, चार-पाच लिटर गेले की दम तोडतो, झाकण उघडलं की पुन्हा सुरू : झाकणाचं छिद्र बुजलं आहे.

पहिल्या एक-दोन टाक्यांपर्यंत ठीक, मग आवाजच मंदावत जातो : बॅटरी किंवा तिचे जोड.

ट्रिगर सोडला तरी मोटार थांबत नाही : कुठंतरी गळती आहे, हवा ओढली जाते आहे, बॅटरी कमजोर आहे किंवा प्रेशर स्विच (प्रेशर भरलं की मोटार बंद करणारा) अडकला आहे.

बटण दाबूनही काहीच नाही : फ्यूज, बटण, तार.

चार्जर लावल्या लावल्या हिरवा दिवा, किंवा रात्रभर लावूनही लालच : बॅटरी नाहीतर चार्जर. यावर पुढं सविस्तर लिहितो.

हात लावण्याआधी

टाकी रिकामी करा, साध्या पाण्यानं तीनदा विसळा, आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी गनमधून सोडा म्हणजे नळी आणि मोटारही धुऊन निघेल. ते पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या नांदीजवळ सांडू नका. हातात रबरी मोजे घाला. नोझल तोंडानं फुंकू नका, नळी तोंडानं ओढू नका. फुंकून कचरा काढायची सवय आमच्या भागात फार आहे, आणि मी ओट्यावर कुणाला तसं करताना पाहिलं की हातातून नोझल काढून घेतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. पंप दुरुस्त करणाराही त्याच औषधाला हात लावत असतो. काम करताना मळमळ, खूप घाम, डोळ्यांपुढं अंधारी असं काही वाटलं तर पंप तिथंच ठेवा, कपडे बदला, साबणानं अंग धुवा आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

नोझल आणि जाळ्या

पहिली तपासणी फुकट आहे. नोझल काढा आणि पंप चालू करून गन रिकाम्या बादलीत धरा. धार जोरात आली तर मोटार, बॅटरी, नळी सगळं ठीक, दोष नोझलमध्येच. एवढ्या एका गोष्टीनं माझ्याकडे आलेले बरेच पंप पाच मिनिटांत परत गेले आहेत.

नोझल कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा. सुई, तार, बाभळीचा काटा घालू नका. छिद्र मोठं किंवा वाकडं झालं की थेंब जाड पडतात, एकरी औषध जास्त जातं, आणि शेतकऱ्याला वाटतं की औषधच डुप्लिकेट निघालं. नवीन नोझल चहा-नाश्त्याच्या पैशात येतं.

धार कमीच असेल तर जाळ्या पाहा. त्या तीन असतात आणि लोकांना एकच माहीत असते, झाकणाखालची. दुसरी टाकीच्या तळाशी, जिथून मोटार पाणी ओढते तिथं. तिसरी बऱ्याच गनमध्ये मुठीच्या आत असते, मूठ फिरवून उघडली की बोटाएवढी प्लॅस्टिकची जाळी निघते. या तिसऱ्या जाळीत मला काय काय सापडलं आहे : भुकटीच्या औषधाचा घट्ट थर, शेवाळ, कापडाचे धागे, आणि सगळ्यात जास्त वेळा निंबोळीची टरफलं.

निंबोळी अर्काबद्दल थांबून सांगतो. अर्क जरूर करा, मी स्वतः करतो. पण ५ टक्क्यांचा अर्क म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा भरडा. एवढा गाळ एका पदरी फडक्यातून पूर्ण थांबत नाही. बारीक कण आत जातात आणि रात्रभर टाकीत राहिले तर तळाच्या जाळीवर बसून वाळतात. सकाळी पंप चालू केला की मोटार ओरडते, पाणी नाही. जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी करून दोनदा गाळा. जीवामृत आणि दशपर्णी अर्कालाही हेच लागू. भुकटीचं औषध सरळ टाकीत ओतू नका, आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग गाळून घाला.

झाकणाचं छिद्र

हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण दुकानातसुद्धा याकडे पाहत नाहीत. टाकीतून पाणी बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र आणि आत रबराची छोटी टिकली असते. हवा आत येते, पाणी बाहेर सांडत नाही. ती टिकली चिकटली की टाकीत पोकळी होते आणि मोटार कितीही फिरली तरी पाणी ओढू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांचा पंप आला. दुकानात एकदा मोटार बदलून झाली होती, तरी दुखणं तेच. मी टाकी भरून चालवली आणि नुसता बघत बसलो. सहा लिटर गेले असतील, टाकीच्या दोन्ही बाजू हळूहळू आत जायला लागल्या, उपाशी बैलाच्या कुशीसारख्या. झाकण थोडं सैल केलं, ‘फुस्स’ आवाज आला, बाजू फटकन बाहेर आल्या आणि धार सुरू. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नव्या मोटारीचे पैसे गेलेच होते. टिकली काढून, साबणाच्या पाण्यात धुऊन परत बसवली, तो पंप अजून चालतो.

हवा कुठून शिरते

तळाची जाळी आणि मोटार यांच्यामधली आखूड नळी पाहा. उन्हात ठेवलेल्या पंपाची ही नळी कडक होऊन टोकाला चिरते. त्या चिरेतून पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. नळीचं टोक बोटभर कापा, गरम पाण्यात बुडवून मऊ करा, परत चढवा आणि क्लिप आवळा. फार चिरली असेल तर नवी लावा. गन आणि नळीच्या जोडातलं वायसर चपटं झालं असेल तर तेही बदला. वायसरची पुडी घरात असलेली बरी.

जोड, फ्यूज, बटण

इथून पुढं मीटर लागतो. दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर या कामाला पुरतो. माझ्या नादातली सगळ्यात उपयोगी खरेदी तीच.

खालचं कव्हर उघडलं की बॅटरीच्या दोन पट्ट्यांवर दोन थिंबल, म्हणजे तारांच्या टोकाच्या धातूच्या टोप्या, असतात. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर तार काढा. आधी काळी, मग लाल. लावताना आधी लाल, मग काळी. दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळी पाना किंवा पकड टेकली तर मोठी ठिणगी उडते, ते जपा. भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, बारीक सॅंडपेपर मारा आणि थिंबल पकडीनं जरा दाबून घट्ट बसवा. मोटार दोन-तीन अँपिअर ओढते, सैल जोडावर तेवढ्यानंही व्होल्ट पडतात आणि जोड तापतो. चालू पंपाचं थिंबल बोटाला गरम लागलं तर दोष सापडला म्हणून समजा.

फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तांब्याची तार गुंडाळून काम भागवलेले पंप माझ्याकडे येतात, त्यांच्या वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. बटण खराब आहे की नाही ते कळायला बटणाच्या दोन तारा क्षणभर एकमेकींना जोडून पाहा. मोटार फिरली तर बटण बदला. पाठीमागून औषध झिरपून बटणं सडतात, यात नवल नाही.

चार्जर आणि बॅटरी

खरं दुखणं बहुतेक वेळा इथंच असतं.

चार्जर आधी एकटाच तपासा. प्लगमध्ये लावून त्याच्या पिनवर मीटर धरा. १३.८ ते १४.८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. काहीच नसेल तर पिनजवळची तार हलवून पाहा, ती तिथंच तुटते. चार्जरची पेटी मात्र उघडू नका, आत घरची २३० व्होल्टची लाइन असते.

आता दिव्यांचं गणित. चार्जर बॅटरीत किती करंट जातो त्यावर दिवा बदलतो. करंट जातो तोवर लाल, जायचा थांबला की हिरवा. बॅटरी भरली की करंट थांबतो, हे बरोबर. पण बॅटरी आतून दगड झाली असेल तर ती करंट घेतच नाही, म्हणून लावल्या लावल्या हिरवा. शेतकरी म्हणतो, “चार्जिंग फुल हाय, मोटारच खराब हाय.” उलट आतल्या सहा घरांपैकी (सेलपैकी) एक घर शॉर्ट झालं तर बॅटरी कधी भरतच नाही आणि दिवा सकाळपर्यंत लाल. तेव्हा मीटरवर साधारण साडेदहा व्होल्ट दिसतात, कारण एका घराचे दोन व्होल्ट गेलेले असतात. अशी बॅटरी रात्रभर लावून ठेवू नका, ती तापते.

चांगली बॅटरी रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून, दोन-तीन तास नुसती ठेवल्यावर १२.७ किंवा जास्त दाखवते. १२.४ असेल तर म्हातारी झाली आहे, पण हंगाम काढील. १२ च्या खाली असेल तर तिच्या भरवशावर पऱ्हाटीत (कपाशीत) उतरू नका. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो.

नुसत्या व्होल्टवरही भागत नाही. पंप चालू ठेवून मोजा. आकडा ११ च्या वर टिकला तर ठीक. बघता बघता १० च्या खाली उतरला तर बॅटरीत दम नाही. माझी आणखी एक पद्धत आहे. मोटरसायकलच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब भरलेल्या बॅटरीला लावतो आणि घड्याळ पाहतो. हा बल्ब साधारण तीन अँपिअर ओढतो, म्हणजे मोटारीएवढाच. ‘बारा बाय आठ’ नवी असेल तर दोन तासांच्या आसपास उजेड राहतो. वीस-पंचवीस मिनिटांत पिवळा पडला तर बॅटरी संपली. प्रयोग करताना बल्ब विटेवर ठेवा, फार तापतो. आणि पिवळा पडताच काढा, बॅटरी पूर्ण उतरवणं हाच तिचा मृत्यू आहे.

या बॅटऱ्या कामानं मरत नाहीत, पडून मरतात. दिवाळीच्या आसपास शेवटची फवारणी होते, पंप तसाच अर्धा उतरलेला माळ्यावर जातो, तो थेट जूनमध्ये खाली येतो. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि पत्र्याखालच्या आमच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती दुपटी-तिपटीनं लवकर उतरते. उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिली की प्लेटींवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते नंतर कितीही चार्जिंग केलं तरी विरघळत नाहीत.

नवी घेताना बॅटरीवर छापलेला तयार झाल्याचा महिना पाहा आणि दुकानातच मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. जुनी दुकानदाराला परत द्या, भंगाराचे पैसे वजा होतात. फोडू नका, आत आम्ल आणि शिसं असतं. आता लिथियमचे पॅकही मिळतात. हलके असतात, पाठीला आराम वाटतो, मी एका पंपाला बसवला आहे. पण त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. तीन सेलच्या पॅकला १२.६ व्होल्टच्या वर चढवायचं नसतं, आणि शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४ च्या वर जातो. त्यात पॅक पेट घेऊ शकतो.

मोटार सगळ्यात शेवटी

वरचं सगळं ठीक निघालं तरच मोटारीकडे या. थेट बॅटरीवर दोन तारा लावून फिरवा. फिरली पण पाणी नाही, तर डोक्याचे स्क्रू काढा. आत रबराचा पडदा आणि छोट्या रबरी झडपा दिसतील. झडपेखाली तांदळाच्या कणीएवढा कचरा अडकला तरी पाणी मागं-पुढं होत राहतं आणि प्रेशर बनत नाही. धुऊन, ज्या बाजूनं निघाली त्याच बाजूनं बसवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

मोटारीच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो आणि त्याला एक बारीक स्क्रू असतो. तो आवळला की प्रेशर वाढतं, हे गावागावांत माहीत झालं आहे. मी तो आवळून देत नाही, कितीही कुणी म्हणालं तरी. प्रेशर वाढलं की थेंब धुक्यासारखे बारीक होतात आणि वाऱ्यावर उडून फवारणाऱ्याच्याच नाकातोंडात जातात. खांद्यावर आलेल्या पऱ्हाटीत तर ते वरूनही पडतात आणि बाजूनंही. शिवाय पडदा लवकर फाटतो.

कुठं थांबायचं

बॅटरी फुगली किंवा गळते आहे : चार्जर लगेच काढा, पुन्हा लावू नका, बॅटरीवाल्याकडे द्या. मोटारीला जळका वास आहे किंवा पडदा फाटून मागच्या भागात औषध गेलं आहे : दुकानात न्या. मोटार, पडदा आणि झडपा यांचा हिशेब विचारा, कधी कधी पूर्ण मोटारच स्वस्त पडते. चार्जर किंवा लिथियम पॅकच्या आत दोष आहे : घरी उघडू नका. टाकीला तळाशी तडा आहे : एम-सील लावून वापरू नका, औषध सरळ पाठीवर गळतं. टाकीच बदला.

आणि पंप वॉरंटीत असेल तर जाळ्या-नोझल धुण्यापलीकडे काहीच करू नका. माझ्या पहिल्या पंपाची बॅटरी चौथ्या महिन्यात बसली. दुकानदार म्हणाला कंपनीला फोन करा, कंपनी म्हणाली दुकानदाराकडे द्या. कार्डावर शिक्का नाही म्हणून पुन्हा परत. बॅटरी बदलून मिळाली, पण तीन आठवड्यांनी, आणि त्या तीन आठवड्यांत मी मागून आणलेल्या हातपंपावर चार एकर फवारलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो : पक्कं बिल घ्या, कार्डावर तारीख आणि शिक्का तिथंच उभं राहून मारून घ्या, बिलाचा, कार्डाचा आणि बॅटरीवरच्या नंबराचा फोटो त्याच दिवशी काढा. बॅटरीची वॉरंटी मोटारीपेक्षा वेगळी असते का ते विचारा. फोनवर तक्रार केली की तक्रार क्रमांक मागा आणि बिलाच्या मागं लिहून ठेवा. आठ दिवसांत हालचाल झाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जावं लागत नाही.

पंप माळ्यावर टाकताना

शेवटची फवारणी झाली की पंप तीनदा धुवा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि तिची एक तार काढून ठेवा, म्हणजे बटण चुकून चालू राहिलं तरी ती उतरणार नाही. नंतर दर दीड-दोन महिन्यांनी एक रात्र चार्जिंग. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून आमच्या घरी ते सणांना बांधलं आहे : दिवाळी, नाताळच्या सुट्ट्या, होळी, अक्षय तृतीया. आई पुरणाची डाळ शिजायला टाकते आणि मला आवाज देते, बॅटरी लावली का म्हणून. माझी सध्याची ‘बारा बाय आठ’ चौथ्या हंगामात आहे आणि या मिरगाआधी मीटरवर १२.६ दाखवत होती. बॅटरी पत्र्याखाली ठेवू नका, घरात थंड कोपऱ्यात ठेवा, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी. टाकीचं झाकण सैल करून ती उलटी ठेवा. आतलं पाणी निथळतं आणि झाकणाची टिकलीही चिकटत नाही.